माळ्यावरचा रेकॉर्ड प्लेअर: आधी सुई, मग यंत्र

प्रश्न असा आहे: ठाण्याच्या नौपाड्यातलं जुनं घर पुनर्विकासाला गेलं, तेव्हा माळ्यावरून एचएमव्हीचा पेटीसारखा रेकॉर्ड प्लेअर आणि शंभरेक तबकड्या निघाल्या. बिऱ्हाड आता घोडबंदर रोडला. हल्ली सगळं मोबाइलवर ऐकायला मिळतं, टर्नटेबलचा जमाना संपला म्हणतात. मग हा प्लेअर दुरुस्त करावा, नवीन घ्यावा, की सगळंच जुन्या बाजारात देऊन मोकळं व्हावं?

थोडक्यात उत्तर: तबकड्या ठेवा. प्लेअरचा प्लग लगेच लावू नका. आणि काही झालं तरी त्यातल्या जुन्या सुईने "जरा वाजतोय का बघू" म्हणून एकही तबकडी वाजवू नका. यंत्र दुसरं मिळतं, तबकडीवरची खरवडलेली खाच (सुई जिच्यातून फिरते ती रेघ) पुन्हा भरत नाही.

जमाना संपल्याबद्दल दोन शब्द. टर्नटेबलला डिजिटलने मारलं हे आपल्याकडे अर्धंच खरं. सीडी १९८२ साली जपानात बाजारात आली, पण ती आपल्या घरांत रुळायच्या आधीच कॅसेटने रेकॉर्डचा धंदा बसवला होता. कॅसेट स्वस्त, खिशात मावणारी आणि दुकानातून हवी ती गाणी भरून आणता येणारी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारतात तबकड्या निघणं जवळपास थांबलं. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे रेकॉर्ड-सीडींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं, तो घाव मात्र डिजिटलचा. पण त्याच वर्षी टेक्निक्सने २०१० साली बंद केलेलं एसएल-१२०० हे टर्नटेबल पुन्हा बाजारात आणलं. अमेरिकेत २०२२ साली ४ कोटी १० लाख रेकॉर्ड विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. नगांच्या हिशेबात रेकॉर्डने सीडीला मागे टाकल्याची १९८७ नंतरची ती पहिलीच वेळ. म्हणजे टर्नटेबल जगात मेलेलं नाही. आपल्याकडे मेली ती दुरुस्तीची साखळी: सुई ठेवणारं दुकान, रबरी चाक बदलून देणारा कारागीर, कार्ट्रिज (सुई धरून तिच्या हालचालीची वीज करणारा भाग) ओळखणारा मेकॅनिक. तुमचा निर्णयही आवाजाच्या दर्जापेक्षा यावरच ठरणार आहे.

आवाजाचं म्हणाल तर भाबडेपणा नको. सीडीची शांत ते मोठा आवाज यातली मर्यादा सुमारे ९६ डेसिबल, चांगल्या एलपीची, म्हणजे १२ इंची रेकॉर्डची, ६० ते ७०. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर वेगाने सरकते, आतल्या कडेला जेमतेम २१. त्यामुळे प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं थोडं चिरकतंच. जुना प्लेअर दुरुस्त करायचं खरं कारण वेगळं आहे. तुमच्याकडच्या सगळ्याच तबकड्यांतलं गाणं, त्याच गायकाचं, त्याच मुद्रणाचं, स्ट्रीमिंगवर सापडेलच असं नाही. आधी यादी करा, शोधून पाहा. जे सापडत नाही तेच तुमचं धन.

यादी करतानाच तीन ढीग करा. जड, ठिसूळ, १० इंची, एका बाजूला तीनेक मिनिटं वाजणाऱ्या त्या लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या. भारतात त्या साठच्या दशकाच्या अखेरपर्यंत निघत होत्या, म्हणून नाट्यसंगीत आणि भावगीतांचा मोठा साठा यांत आहे. ७ इंची त्या ४५ फेऱ्यांच्या ईपी. १२ इंची, ३३⅓ फेऱ्यांच्या त्या एलपी. हे वर्गीकरण हौसेसाठी नाही. ७८ची खाच रुंद असते, तिला ६५ ते ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गोलाईची सुई लागते. मोनो एलपीला २५, स्टिरिओला १८ मायक्रॉन. एलपीची सुई ७८वर ठेवली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. ७८ची सुई एलपीवर ठेवली तर ती खाचेच्या वरच्या कडा कुरतडते, आणि ते नुकसान कायमचं. जुन्या प्लेअरच्या कार्ट्रिजला बहुधा फिरवायची छोटी दांडी असते, एकीकडे ७८ची सुई, दुसरीकडे एलपीची. घरात कुणालाच हे आठवत नसल्याने वर्षानुवर्षं चुकीची बाजू लागलेली असते.

आता प्लेअर. प्लग लावण्याआधी मागचं झाकण उघडा. झुरळांची अंडी, उंदराने कुरतडलेल्या वायरी, तडकलेलं रबरी इन्शुलेशन, फुगलेले कपॅसिटर पाहा. मुख्य वायर सरळ बदलून टाका, तिथे काटकसर नको. व्हॉल्व्हवाला (आत काचेच्या नळ्या असलेला) प्लेअर असेल तर त्याचं चॅसिस, म्हणजे लोखंडी सांगाडा, थेट विजेला जोडलेलं असू शकतं, म्हणून झाकण काढल्यावर व्हॉल्व्ह दिसले तर पुढे घरी हात घालूच नका. ट्रान्झिस्टरवाला असेल तर पहिली वीज सिरीज बोर्डमधून द्या. कुठल्याही इलेक्ट्रिशियनकडे तो असतो: ६० वॉटचा तारेचा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही. प्लेअरची मोटर १०-१५ वॉटच्या आसपास खाते, त्यामुळे बल्ब मंद पेटला किंवा पेटलाच नाही तर ठीक. लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बल्ब मंद असेल तर तसंच अर्धा तास चालू ठेवा, मोटर आणि ट्रान्सफॉर्मरला हात लावून पाहा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये.

सगळ्यात जास्त गोंधळ कार्ट्रिजचा, म्हणून इथे जरा थांबतो. त्या काळच्या पेटी-प्लेअरमध्ये क्रिस्टल कार्ट्रिज असायची. आतला स्फटिक रोशेल सॉल्टचा. तो दाबला की वीज तयार होते, पण तो पाण्यात विरघळणारा क्षार आहे. ठाणे, वाशी, नेरुळची पावसाळी हवा आणि पत्र्याखालचा तापलेला माळा यात चाळीस वर्षं काढलेला रोशेल स्फटिक जिवंत सापडणं विरळा. म्हणून "प्लेअर फिरतो पण आवाजच नाही" ही तक्रार आली की मेकॅनिक अँप्लिफायर खोलून बसतो, आणि दोष मात्र आर्मच्या, म्हणजे सुईच्या दांड्याच्या, टोकाला असतो. खात्री करणं सोपं आहे. आवाज निम्म्यावर ठेवा, कार्ट्रिजच्या मागच्या बारीक क्लिपा काढा आणि सिग्नलच्या वायरीला चिमटा टेकवा. स्पीकरमधून घूं आवाज आला तर अँप्लिफायर ठीक, कार्ट्रिज मेली. क्लिपांवर कधीही सोल्डर करू नका, त्या उष्णतेने उरलासुरला स्फटिकही जातो.

मूळ कार्ट्रिज "न वापरलेली, जुन्या स्टॉकमधली" म्हणून कुणी विकत असेल तर घेऊ नका. न वापरता पडलेला रोशेल स्फटिकही तितकाच ओलावा पितो. सिरॅमिक कार्ट्रिज घ्या. सध्याच्या सूटकेस प्लेअरमध्ये लाल सुईची येते ती चालते, फक्त आर्मच्या डोक्यात बसवायला पत्र्याचा किंवा ॲक्रिलिकचा छोटा तुकडा कापून अडॅप्टर करावा लागतो. क्रिस्टल एक व्होल्टच्या आसपास सिग्नल देते, सिरॅमिक काहीशे मिलिव्होल्ट. त्यामुळे आवाज थोडा कमी वाटेल, ते बरोबर आहे. चांगल्या टर्नटेबलची मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज या पेटीत घालायचा मोह टाळा. ती ३ ते ५ मिलिव्होल्टच देते, या अँप्लिफायरला ते ऐकूच येणार नाही, आणि पेटीचा जड आर्म तिची सुई वाकवेल.

सुईचं तबकडीवर पडणारं वजन मोजा. सोनाराकडचा असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंतचा छोटा काटा पुरतो, पण सुई तबकडीच्या उंचीवरच टेकली पाहिजे. काट्याची थाळी उंच राहिली तर आकडा चुकतो, आणि थाळी लोखंडी असेल तर मूव्हिंग मॅग्नेटचं चुंबक तिला ओढून आकडा बिघडवतं. सिरॅमिकला ५ ते ६ ग्रॅम हवेत. जुन्या आर्मवर ८-१० ग्रॅमही सापडतात, तेव्हा आर्मच्या मागच्या बाजूची स्प्रिंग एकेक खाच ताणून कमी करा. फार हलकं करणं हेही संकटच. सुई खाचेत उड्या मारते आणि प्रत्येक उडीला भिंत फोडते, थोड्या जास्त वजनापेक्षा हे वाईट.

एक गोष्ट ठाम सांगतो. जॅकेटवर "स्टिरिओ" लिहिलेली एलपी जुन्या मोनो क्रिस्टल कार्ट्रिजखाली ठेवू नका. स्टिरिओ खाच सुईला वरखालीही हलवते, मोनो कार्ट्रिजची सुई फक्त आडवी हलते. वरखालीचा भाग ती खणून काढते. दोन-चार वेळा वाजवल्यावर सुरांभोवती जी कायमची चरचर येते ती "जुन्या रेकॉर्डचा आवाज" नव्हे.

पेटीचा आवाज नव्या स्पीकरवर किंवा ब्लूटूथ बॉक्सवर न्यायचा प्रयत्न बहुतेक जण करतात आणि पातळ, पत्र्यासारखा आवाज मिळाला की कार्ट्रिजला दोष देतात. सिरॅमिक कार्ट्रिज म्हणजे विजेच्या हिशेबात एक छोटा कपॅसिटर. तिला १ मेगाओहमच्या आसपास रोध असलेलं इनपुट लागतं, नव्या यंत्रांच्या लाइन इनपुटला १० ते ४७ किलोओहमच असतात. तिथे तबला आणि तंबोऱ्याचा खर्ज गळून पडतो. उपाय म्हणजे टीएल०७२ आयसीचा साधा बफर (कार्ट्रिज आणि इनपुट यांच्या मधे बसणारं छोटं सर्किट), इनपुटला २.२ मेगाओहमचा रेझिस्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सगळे भाग एका फेरीत मिळतात, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकणारं पोरही तो जुळवेल.

फिरण्याचा भाग. पेटी-प्लेअरमध्ये मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीवरून रबरी चाक तबकडीखालच्या थाळीला फिरवतं. प्लेअर बंद करताना वेगाचा खटका मधल्या रिकाम्या जागी न आणल्यास चाक पुलीला दाबून राहतं आणि रबराला खड्डा पडतो. मग चाकाच्या प्रत्येक फेरीला ठक, ठक. चाक निव्वळ निसरडं झालं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग चाक फिरवत ४०० नंबरचा पॉलिश पेपर हलका लावा. खड्डा खोल असेल तर नवीन रबर चढवावं लागतं. छपाईच्या रोलरवर रबर चढवून घासून देणाऱ्या कारखान्यात हे काम होतं, वागळे इस्टेट किंवा रबाळे-महापेच्या पट्ट्यात चौकशी करा. त्यांना व्यास तंतोतंत हवा म्हणून अडवून बसू नका. मधल्या चाकाच्या व्यासाने वेग बदलत नाही, ते फक्त गोल हवं. व्यास तंतोतंत लागतो तो मोटरच्या पुलीचा. तिथे १ टक्का चूक म्हणजे वेगात १ टक्का चूक. वेग वाढवायला पुलीवर सेलोटेप गुंडाळायची युक्ती सर्रास दिसते. मे महिन्यात टेपचा गोंद सुटतो आणि चाक खराब होतं. त्यापेक्षा लेथवर पितळेची पुली कातून घ्या.

बेल्टवाल्या टर्नटेबलचा बेल्ट पेटीत पडल्या पडल्या डांबर झालेला असतो. आधी तो अल्कोहोलने पूर्ण काढा, मग थाळीच्या आतल्या कड्याभोवती आणि पुलीभोवती दोरा फिरवून घेर मोजा. नवा बेल्ट त्यापेक्षा ३ ते ५ टक्के लहान हवा. ऑफिसातलं रबर बँड लावू नका.

तेलाबद्दल भांडण होतं म्हणून लिहितो: खोबरेल नाही. ते २४ अंशांखाली गोठतं, वर काही महिन्यांत चिकट होतं. डब्ल्यूडी-४० हेही वंगण म्हणून इथे कामाचं नाही. मोटरच्या बुशला शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, थाळीच्या दांड्याला जरा दाट, एसएई २० प्रतीचं तेल, तीन-चार थेंब. रबरी चाकावर तेलाचा अंशही नको. आपोआप आर्म उचलणारं गॅरार्डसारखं यंत्र असेल आणि आर्म अडकत असेल तर जोर लावू नका. आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं असतं. ते पुसून काढून लिथियम ग्रीस अगदी काडीने लावायचं.

वेग तपासायला ५० हर्ट्झची (आपल्या विजेच्या ठोक्याची) स्ट्रोब चकती, म्हणजे रेघा आखलेली चकती, छापून घ्या: ३३⅓ला १८० रेघा, ४५ला १३३, ७८ला ७७. ती निऑन किंवा साध्या तारेच्या दिव्याखाली स्थिर दिसली पाहिजे. बऱ्याच एलईडी दिव्यांत लुकलुक नसल्याने त्यांच्याखाली काही कळत नाही. परदेशातून नातलगाने आणलेला ११० व्होल्टचा प्लेअर असेल तर फक्त ट्रान्सफॉर्मर लावून भागत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, ६० हर्ट्झचे ५० करण्याचा परिणाम तसाच राहतो. ३३⅓ ऐवजी थाळी २७.८ फेऱ्या फिरते. काळी चारचं गाणं पांढरी चारच्याही किंचित खाली उतरतं, गायिका गायक वाटू लागते. मोटरला विजेच्या ठोक्यावर चालवणाऱ्या या जुन्या यंत्रांना पुली बदलावीच लागते. क्वार्ट्झ नियंत्रण असलेल्यांना हा त्रास नाही.

घूं आवाज येत असेल तर आधी घराचं अर्थिंग मोजा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३०च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, जुन्या सोसायट्यांत तर नाहीच. मग टर्नटेबलची अर्थची वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला. राउटर आणि इंडक्शनची शेगडी तीन-चार फूट लांब. टर्नटेबल टीव्हीच्या डुगडुगत्या युनिटवर न ठेवता भिंतीत ठोकलेल्या फळीवर ठेवा. घोडबंदरच्या नव्या टॉवरांत भिंती मायवानच्या, म्हणजे अख्ख्या काँक्रीटच्या असतात. ड्रिल करायला हॅमर मशीन लागेल, पण एकदा बसलेली फळी हलत नाही.

तबकड्या धुण्याआधी ढीग पुन्हा तपासा. एलपी आणि ईपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये २० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, वर फोटो धुण्याच्या वेटिंग एजंटचे दोन थेंब. लाखेच्या ७८ला अल्कोहोलचा थेंबही नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. त्यांना डिस्टिल्ड वॉटर आणि सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रशने खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, आणि लगेच टिपून घ्या. बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं त्यावर भरवसा नको. भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या वाळवा, उन्हात नाही. पांढरी बुरशी बहुतेक वेळा कागदी कव्हरातून येते, म्हणून तबकडी धुऊन त्याच कव्हरात घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आत पॉलिथिनची नवी पाकिटं घ्या. मऊ पीव्हीसीची नकोत, त्यांचा अंश तबकडीवर धुरकट डाग सोडतो.

ठेवायच्या उभ्या, घट्ट न दाबता, पश्चिमेच्या ओल येणाऱ्या भिंतीपासून सुटं कपाट. जून ते सप्टेंबर आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि तबकड्यांना पन्नासच्या आसपास आवडते. निळे सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाले की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. डांबराच्या गोळ्या कपाटात टाकू नका, त्यांची वाफ पॉलिस्टायरीनच्या भागांना खाते.

आता नवीन घ्यावं का? तुमच्याकडे फक्त एलपी आणि ईपी असतील तर पेटी शोभेला ठेवा. ऑडिओ-टेक्निका एलपी६०एक्स दर्जाचं साधं बेल्टवालं यंत्र पुरतं. त्यात फोनो प्रीअँप (कार्ट्रिजचा क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट) आतच असतो. मागचा खटका बघून जोडा: आतला प्रीअँप चालू ठेवून पुन्हा अँप्लिफायरच्या फोनोत लावलं तर आवाज फाटतो. ते ७८ मात्र वाजवत नाही. ७८चा ढीग मोठा असेल तर एलपी१२०एक्स पाहा, त्यात तिन्ही वेग आहेत आणि व्हीएम९५ मालिकेची सुई हाताने ओढून बदलता येते: एलपीला हिरवी, २ ग्रॅमवर, ७८ला एसपी नावाची, सुमारे ५ ग्रॅमवर. सुई बदलली की वजनही बदलायचं, हे विसरलं जातं. स्वस्तातला सूटकेस प्लेअर घ्यायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, त्यात पेटीतलीच सिरॅमिक कार्ट्रिज आणि तोच ५-६ ग्रॅमचा भार आहे. पेटी दुरुस्त होत असेल तर तो घेणं व्यर्थ. उलट पेटीला नवं रबर, नवी पुली आणि अँप्लिफायर असं सगळंच लागत असेल तर ती चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला.

माझा कल असा: ७८ आणि न सापडणाऱ्या ईपी एकदाच, धुऊन, योग्य सुईने वाजवून संगणकावर उतरवून घ्या आणि रोज ऐकायला ती फाइल वापरा. ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर पुरेसं आहे. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत. मिनिटाला १७ एमबी लागतात, एलपीची २२ मिनिटांची बाजू ३८० एमबी. ७८ मोनो असली तरी स्टिरिओ कार्ट्रिजने दोन्ही चॅनल वेगळे भरा. खाचेच्या दोन भिंती सारख्या झिजलेल्या नसतात, कमी खरखरणारी बाजू नंतर निवडता येते. फोनो प्रीअँप एलपीसाठीचा तीव्र स्वरांचा उतार ७८लाही लावतो, त्यामुळे ती मंद वाटते. इक्वलायझरने तो उतार परत चढवा. खरखर काढणारा फिल्टर लावण्याआधीची मूळ डब्ल्यूएव्ही फाइल जपून ठेवा, फिल्टर सारंगीचा गजही खाऊन टाकतो. फाइलच्या नावात लेबलवरचा क्रमांक टाका, गाण्याचं नाव एकच असलेल्या चार तबकड्या निघतात. आणि यूट्यूबवर चढवायचा विचार असेल तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. गीतकार-संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं, आणि तो वेगळा मोजायचा.